तुळशीरामजींची हजेरी

आमच्या अकोल्याच्या सेवा क्लबची सभा दर गुरुवारी संध्याकाळी सहाला भरायची, आणि तुळशीरामजी पाचलाच येऊन बसायचे. कुलूप उघडायला शिपाई साडेपाचला येई, तोवर हे पायरीवर. पांढरं धोतर, काळी टोपी, मांडीवर छत्री. मी क्लबचा चिटणीस. मला पाहिलं की उठून उभे राहायचे. "मास्तर, लिहा. तुळशीराम हजर."

अहो, अजून दार उघडलं नाही, तर हजेरी कुठली? पण ऐकतील तर शपथ. "माणूस आला ना? मंग दाराचं काय घेऊन बसले?"

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात तुळशीरामजींची धान्याची अडत होती. क्लबात बाकी सगळे वकील, डॉक्टर आणि माझ्यासारखे शाळामास्तर. त्यांना सभासद करून घेतलं तेव्हा कोणीतरी बोललंच, "इंग्रजी भाषणं याला काय कळणार? दोन महिन्यांत गळेल." ते नेमकं त्यांच्या कानावर गेलं. त्यानंतर त्यांनी एक गुरुवार चुकवला नाही.

आता खरं सांगायचं तर आमचा क्लब म्हणजे सगळा आनंदच होता. सेवा वर्षातून दोनदा, भाषण दर आठवड्याला. एकदा मे महिन्यात, पंखा नुसती गरम हवा ढवळत असताना, पाहुण्यांनी विषय घेतला दक्षिण ध्रुवावरचा बर्फ. श्रोते तीन : आमचे अध्यक्ष वकीलसाहेब, मी आणि तुळशीरामजी. वकीलसाहेब पाचव्या मिनिटाला घोरू लागले. तुळशीरामजी मात्र ताठ बसून प्रत्येक इंग्रजी वाक्याला मान डोलवत होते. शेवटी पाहुण्यांनी शंका विचारायला सांगितल्यावर हे उठले. "तिकडं कापूस होते काय जी?" पाहुणे इतके खूश झाले की आणखी वीस मिनिटं बोलले. मी मनातल्या मनात तुळशीरामजींना यथेच्छ शिव्या दिल्या.

बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काही समजलं का हो?"

"एक अक्षर नाई."

"मग येता कशाला?"

"मास्तर, तो माणूस एवढ्या उन्हाचा नागपुरावून आला. आयकणारा नसन तं बोलणारा काय भिंतीले सांगन?"



सलग पाच वर्षं एकही सभा न चुकवणाऱ्याला कोटावर लावायची चांदीची पिन, असा क्लबचा नियम होता. ती तोवर कोणालाही मिळाली नव्हती. तुळशीरामजींची पाच वर्षं भरायला दोन आठवडे उरले, तेव्हा त्यांनी कोट शिवायला टाकला. ऐन जूनमध्ये, तोही लोकरीचा! "पिन काय सदऱ्याले लावू?" म्हणाले. त्या पिनेत त्यांचा जीव अडकला होता. आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या पत्नीनं त्यांना रिद्धपूरच्या दर्शनाला नेलं, येताना बस बंद पडली आणि गुरुवार गेला.

शुक्रवारी सकाळी तुळशीरामजी माझ्या दारात उभे. डोळे लाल. "मास्तर, मेलो."

मी धसकलोच. घरात काही बरंवाईट झालं की काय! खरी गोष्ट कळल्यावर मी त्यांना आधी चहा पाजला. मग नियमातली पळवाट सांगितली. आठवड्याच्या आत दुसऱ्या गावच्या क्लबात सभेला बसायचं आणि तिथल्या कोणा पदाधिकाऱ्याच्या सहीची चिठ्ठी आणायची, की बुडालेली हजेरी भरून निघते. अमरावतीची सभा शनिवारी असायची. आम्ही दोघं गेलो. माझी बहीण तिथं राहते, म्हणून मी तिच्याकडे डोकावलो आणि तुळशीरामजी तडक सभागृहात गेले.

मी अर्ध्या तासानं पोचलो, तर दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत डोकावून पाहतो तर साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, चाललेला! क्लबानं त्या दिवसापुरती सभा दुसरीकडे हलवली होती आणि सभागृह एका लग्नघराला दिलं होतं. पहिल्या रांगेत मधोमध आमचे तुळशीरामजी, गळ्यात हार, कपाळाला गंध. मुलीकडच्यांना वाटत होतं हे मुलाकडचे, आणि मुलाकडच्यांना वाटत होतं मुलीकडचे.

त्यांच्या उजव्या हाताला मुलाचा मामा होता आणि डाव्या हाताला मुलीचा बाप. मधली खुर्ची रिकामी का होती, ते माझ्या शेजारच्या माणसानं सांगितलं. शाल आधी मुलाच्या काकाला दिली म्हणून मामा रुसला होता आणि सोयरीक मोडायची भाषा करत होता. दोघं एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. मी गर्दीतून पुढे सरकणार, तोच तुळशीरामजी उठले.

"अकोल्याच्या क्लबाकून सर्वायले रामराम! आपली रीत हाये, सभा सुरू कराच्या आधी शेजाऱ्याशी हात मिळवाचा. उठा जी दोघंबी!"

आवाज असा करडा की दोघंही मुकाट उठले. तुळशीरामजींनी मामाचा हात धरून मुलीच्या बापाच्या हातात दिला. "हां, आता कसं! फुगून बसाले हे काय शाळा हाये?" सभागृहात कोणीतरी फिसकन हसलं. मग मामाही ओशाळून हसला. मुलीच्या बापाचे डोळे भरून आले. त्या भरात तुळशीरामजींनी चिठ्ठी पुढे केली आणि मामानं न वाचता झोकात सही ठोकली.

एवढ्यात बायका नवरीला घेऊन आल्या. तुळशीरामजींनी जोरात टाळ्या वाजवल्या. "आज बाईचं व्याख्यान हाये वाटते! झक्कास!" मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. नवरी बिचारी पाटावर बसता बसता खुदकन हसली.

मी कसाबसा जवळ गेलो आणि कानात सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पार उतरला. आम्ही खरी सभा शोधत धावलो, पण ती संपून गेली होती. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "सही आहे ना? कोणाची आहे, ते कोण बघतो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली मान घातली.

पुढच्या गुरुवारी त्यांनी भर सभेत उठून पहिल्यापासून सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. लोक पोट धरधरून हसले. "तं हे चिठ्ठी खोटी हाये. मास्तर, मले गैरहाजर लिहा," म्हणून ते खाली बसले.

वकीलसाहेब त्या दिवशी चक्क जागे होते. म्हणाले, "मोडणारं लग्न जुळवलं! याहून मोठी सेवा आपल्या क्लबानं केलेली मला तरी आठवत नाही. ही हजेरी धरावी, असा मी ठराव मांडतो." सगळे हात वर गेले. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. तुळशीरामजींचा.

ठराव मंजूर झाला. "आता बहुमताले नाई कसं म्हनाचं," असं पुटपुटत त्यांनी पिन घेतली.

पुढच्या सभेला लोकरीचा कोट घालून, घामानं निथळत आले. पिन कुठे दिसेना. मी विचारलं, तर त्यांनी कोटाची बटणं सोडली. पिन आतल्या अस्तराला लावलेली. "बाहेर कशी लावू? एक गुरुवार कमी हाये त्यातला." त्यानंतर कित्येक वर्षं तो कोट आणि ती पिन तशीच सभेला येत राहिली. आम्ही पुष्कळ चिडवलं, पण पिन काही बाहेर आली नाही.

ते गेले तेव्हा मी भेटायला गेलो. कोट खुंटीवर होता. मला राहवलं नाही. मी तो उतरवला, आतली पिन काढली आणि बाहेर छातीवर लावली.

वहिनी म्हणाल्या, "त्यायले नसतं आवडलं, मास्तर."

"ठाऊक आहे, वहिनी," मी म्हटलं. "पण ठराव मंजूर झाला होता."