जपानच्या वाटेवर अकोल्यापर्यंत

जपानला जायला निघालेला मी अकोल्याहून परत आलो. प्रवास तीन दिवसांचा. तरीही लिहितो आहे, कारण अशा कार्यक्रमाला अर्ज करू का, असं विचारणारे अजूनही भेटतात.

कार्यक्रम असा होता: वर्षभर जपानमधल्या शेतकरी कुटुंबात राहायचं, त्यांच्याबरोबर राबायचं, शिकायचं, आपलं खाणं-गाणं त्यांना सांगायचं आणि परत येऊन ते शिक्षण स्वतःच्या वावरात वापरायचं. लेखी परीक्षा मी पास झालो होतो. आता अकोल्याला शिबिर आणि शेवटची मुलाखत, सोबत पालक हवेत अशी अट. ती वर्षं अशी होती की पेपरात आमच्या जिल्ह्याचं नाव एकाच कारणासाठी छापून यायचं, आणि नवरा मुलगा शेती करतो म्हटलं की पुढची बोलणी थांबायची.

तिवस्याहून सकाळची लाल गाडी धरली. अमरावतीपर्यंत तासभर. मोझरीला आश्रमाचे पाहुणे उतरले तेव्हा कुठे बसायला जागा मिळाली. बाबांनी लग्नकार्यातला सदरा घातला होता. शेजारच्या माणसाला ते सांगत होते, "पोट्टा जपानले जाऊन राह्यला."

अमरावतीच्या स्टँडबाहेर गिला वडा खाल्ला. या रस्त्याने जाणार असाल तर तो चुकवू नका. दह्यात बुडवलेला, वरून तिखट, दोन प्लेटींत पोट भरतं. तिथून अकोला अडीच-तीन तास. बडनेरा सोडलं आणि मूर्तिजापूरपर्यंत दोन्ही बाजूंना लाल पडलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. बोंडं असायची तिथं नुसत्या काड्या. बाबा खिडकीतून बघत होते. मग एकदम म्हणाले, "साल संपल्यावर थे लोक पुढंबी राहू देतेत का?"

"नाही. परत यावं लागतं."

"इचारून पाह्यजो," म्हणाले.

राहण्याची सोय शेतकरी निवासात होती. खोल्या साध्या, पाणी सकाळीच, मच्छर भरपूर, ओडोमास न्याच. माझ्या खोलीत अचलपूरचा सलीम होता, सोबत त्याचे चाचा. त्यांची केळीची बाग होती. चाचा दोन वाक्यं हिंदीत बोलायचे आणि तिसरं वऱ्हाडीत, आणि बाबांची त्यांच्याशी अर्ध्या तासात गट्टी जमली.

दुसरा दिवस मात्र आनंदात गेला. वाकून नमस्कार कसा करायचा, चपला कुठे काढायच्या, हे शिकवायला पुण्याच्या एक दुभाषी बाई होत्या. आमचं बोलणं ऐकून त्या सुरुवातीला दचकायच्या. संध्याकाळी सातोसान आले. सत्तरीचे शेतकरी, काटक, मुलं निवडायला जपानहून आलेले. त्यांनी आपल्या टोमॅटोच्या शेडचे फोटो दाखवले. सलीमने कव्वाली म्हटली, मी खंजिरी वाजवली. सातोसानांनी ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला. झोपताना सलीम म्हणाला, "अबे गजू, आपलं दोघायचं पक्कं समज."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत. माझे प्रश्न दहा मिनिटांत संपले. मग सातोसान बाबांकडे वळले. तुमची जमीन कशी आहे, असं त्यांनी बाईंमार्फत विचारलं.

बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते ते सरसावून बसले. काळी कसदार कशी, उन्हाळ्यात भेगा किती खोल जातात, ओल किती दिवस धरते, हे त्यांनी हाताने मोजून-मोजून सांगितलं. सातोसान वहीत लिहीत होते. "जमिनीचा काई दोष नाई," बाबा म्हणाले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला वाटलं, झालं, जमलं.

बाईंनी कागद पुढे केला. "काका, हे पालकांचं प्रतिज्ञापत्र. 'प्रशिक्षण संपल्यावर माझा मुलगा परत येऊन माझी शेती करेल.' इथे सही करा."

बाबांनी पेन घेतलाच नाही.

"हे खरं नाई, बाई."

"म्हणजे?"

"मी याले परत येऊ देनार नाई. त्याच्यासाठीच तं पाठवून राह्यलो."

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. "बाबा, करा ना सही."

"काका, हा फक्त एक कागद आहे हो," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. त्यांचं मन चांगलं होतं.

"तीस वर्सं मी वावरात घातली. माही गेली तं गेली. पोराची नाई जाऊ देत." मग सातोसानांकडे बघून म्हणाले, "हा मानूस इतक्या दुरून आला, माह्या मातीची चौकशी करून राह्यला. त्याच्या तोंडावर खोटं लिहू काय?"

सातोसानांनी विचारलं, हे काय म्हणतात. बाईंनी सांगितलं. ते वही मिटून सावकाश बोलले. बाई मराठीत सांगताना अडखळत होत्या. "त्यांचा मुलगा शहरात नोकरीला गेला, तो शेतावर परत आलाच नाही. म्हणून ते इथून मुलं नेतात. ते म्हणतात, परत न येणारा मुलगा मी नेऊ शकत नाही. दुसऱ्या बापाचं शेत रिकामं करायला मी आलेलो नाही."

"बरोबर हाय त्यायचं," बाबा म्हणाले.

दोघं उठले. सातोसान कमरेतून वाकले. बाबांनी हात जोडले. मी तसाच बसून होतो.

बाहेर व्हरांड्यात चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "भाऊ, सबने सही केली. आमीबी केली. आगे का किसने देखा?" सलीम माझ्याकडे बघत नव्हता. त्याचं नाव लागलं होतं.

परतीची गाडी धरली. मूर्तिजापूरला बाबांनी गरम भजी घेतली, पुडा माझ्या मांडीवर ठेवला. तो तसाच गार झाला. अमरावतीच्या स्टँडवर तिवस्याच्या गाडीची वाट बघताना मी विचारलं, "मंग मी आता काय करू?"

बाबा खिशातले सुटे पैसे मोजू लागले. त्यांनी त्याचा विचारच केला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. माझ्यासाठी त्यांनी एकच वाट बघून ठेवली होती आणि ती त्यांनीच बंद केली होती.

सलीम वर्षभर जपानला राहून आला. केळीची बाग पुढे मोडली, आता त्याचं परतवाड्याला दुकान आहे. मी दोन-तीन ठिकाणी नोकरीला गेलो, टिकलो नाही. शेवटी वावरात उतरलो तो आजपर्यंत. मी शेतकरी होऊ नये म्हणून बाबा खरं बोलले, आणि मी शेतकरीच झालो. पीक येतं, जातं. जास्त वेळा जातं. रागसुद्धा आता राहिलेला नाही, आणि कधीकधी तेच जास्त भीतीचं वाटतं.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. सातबारा, फोटो, झेरॉक्स सगळं दोन-दोन प्रतींत न्या. आणि निघण्याआधी घरच्यांशी बसून बोला, त्यांच्या मनात काय आहे ते विचारा. मी विचारलं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात हरभरा पेरत होतो. बाबा आता थकलेत, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून असतात. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "गजू, चुकलं काय रे माह्यं?"

हो म्हणावं तर त्यांच्याकडे बघवेना, आणि नाही म्हणावं तर तोंडून निघेना. ओल उडून चालली होती. मी तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि पेरायला गेलो.