बाकाकडे बघणारी पाखरं

मी राणे, टाइल्स आणि बाथरूम फिटिंगचा धंदा करतो, मालाडला. डोक्यावरून लाद्या वाहण्यापासून सुरुवात केली. दर शनिवारी लिंबू-मिरचीवाला येतो आणि दर शनिवारी मी त्याला हाकलतो. नारळ ओवाळणं, नजर काढणं, आमच्या मालवणातले देवचार... कशावर माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. जे झालं ते सांगतो, तुम्ही काय ते ठरवा.

दिंडोशीला आमची जुनी सोसायटी आहे. माझा फ्लॅट तळमजल्यावर, आणि किचनच्या मागे कंपाउंडपर्यंत एक लांबट पट्टा. जागा सोसायटीची, पण बाग केली माझ्या बायकोने, सुलभाने. जास्वंद, कढीपत्ता, एक पेरू. दुकानातला कोपरा उडालेला कडप्पा मी विटांवर टाकून तिला बाक करून दिला होता. जेवायच्या आधी भाताचा पहिला घास घेऊन ती तिथे जाऊन बसायची. खार, साळुंक्या, दयाळ, सगळी जमायची. ती गेली, तेव्हापासून मी दुपारी दुकानातच जेवतो. घास बंद झाला.

ती गेल्यावर वर्षभरातच सेक्रेटरी पाटकरने पार्किंगचा विषय काढला. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, "राण्यांच्या मागे आहे काय? उंदीर आणि मच्छर. फरशी टाकू, गाड्या लागतील."

माझं डोकं फिरलं. सुलभा आजारी होती तेव्हा हाच माणूस तिच्या पेरूखाली बसून चहा पिऊन गेला होता. मी म्हटलं, "उंदीर तुझ्या डोक्यात आहेत, पाटकर. काय आहे तिथे ते मी दाखवतो."

त्यासाठी कॅमेरा घेतला. सेकंड हँड, दुकानदाराला रडवून. किचनच्या खिडकीत स्टँडवर लावला आणि वर्षभर फोटो काढले. पावसाळ्यात बेडूक, ओल्या भिंतीवर गोगलगायी. थंडीत शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी. कढीपत्ता फुलला तेव्हा फुलांतला रस प्यायला इवलासा शिंजीर. उन्हाळ्यात पाण्याच्या थाळीवर बुलबुल, आणि डोंगराकडून येणारं एक मुंगूस. मला नावं येत नव्हती, शिकलो. एक सांगतो, हे काम धंद्यासारखंच आहे. आपण घाई दाखवली की समोरचा उडतो.

वर्षाने पार्किंगचा विषय परत मीटिंगला आला, तेव्हा सोसायटी ऑफिसच्या टीव्हीवर फोटो लावले. लोक वा वा करत होते. पाटकर मात्र चष्मा पुसून टीव्हीजवळ गेला.

"राणे, हे सगळे एकाच बाजूला का बघतायत?"

"म्हणजे?"

"बघ ना. खार तिकडे, बुलबुल तिकडे, मुंगूसपण तिकडे. कोणीतरी बाजूला बसून खायला दाखवतंय. सेटिंग केलंय रे तू! अशी बाग असते होय?"

लोक हसले. पुढच्या मीटिंगला मतदान ठरलं. खोटेपणाचा ठपका घेऊन गेलो असतो तर बाग गेलीच होती.

घरी येऊन सगळे फोटो पुन्हा बघितले. पाटकर खरं बोलत होता, याचाच जास्त राग आला. गोगलगायींचं सोडा, त्यांचं तोंड कुठे ते मला कळत नाही. पण बाकी सगळे, कोणत्याही महिन्यातले, बाकाकडे बघत होते. आणि बाक रिकामा.

माझा पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या कांबळे वहिनींवर. जिन्यातच गाठलं. "वहिनी, तुम्ही वरून पाव टाकता का?"

"अहो भाऊ, पावाला माझी पोरंच पुरत नाहीत, तुमच्या कावळ्यांना कुठून घालू?"

"मग ही बाकाकडे काय बघतात?"

त्यांनी माझ्या मोबाइलवर फोटो बघितले. एक, मग दुसरा, मग परत पहिला. हसणं थांबलं. "बाकाकडे नाही बघत, भाऊ. बाकाच्या वर बघतायत. बसलेल्या माणसाचं तोंड असतं ना, तिथे." मोबाइल परत देत म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"मी तरी कुठे मानतो?"

मग मी एकेक गोष्ट काढत गेलो. चकाकतं काही असेल म्हणून मागच्या भिंतीवरचा पत्रा काढला. पाइपचा आवाज असेल म्हणून प्लंबर आणला. बाक धुतला, वास असेल तर जावा. फरक शून्य. शेवटी कॅमेराच बाकावर ठेवला, टायमर लावून, आणि मी घरात बसलो.

त्या फोटोंत सगळे समोर आहेत. दयाळ, खार, साळुंक्या. पण लेन्सकडे कोणी बघत नाही. नजर लेन्सच्या थोडी वर. सुलभाच्या घासाची वाट बघताना ही सगळी माना जशा तिरक्या करायची, तशाच माना.

हे फोटो मी मीटिंगमध्ये दाखवले नाहीत. दाखवले असते तर लोकांनी घाबरून बागेचा नाद सोडला असता, मला समजत होतं. पण प्रत्येक माल दुकानात मांडायचा नसतो. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "गेटकडची अर्धी जागा घ्या. बाक आणि पेरू आहे ती अर्धी सोडा."

पाटकर बघतच राहिला. "बाकाकडे तर गटाराचं झाकण आहे रे. चांगली बाजू देतोयस? बरा आहेस ना?"

"हो म्हण, नाहीतर विचार बदलेन."

ठराव झाला. गेटकडे आता गाड्या लागतात, त्यातली पाटकरची पहिली. त्याने मला खोटारडा म्हटलं ते मी विसरलेलो नाही, माफी त्याने अजून मागितलेली नाही.

आता दुपारी मी घरी जेवायला येतो. पहिल्या दिवशी भाताचा घास घेऊन बाकावर मधोमध बसलो. कोणी आलं नाही. भिंतीवर रांगेने बसून होते, पण खाली उतरेनात. उन्हाचा चटका लागला म्हणून मी पेरूच्या सावलीत, कडेला सरकलो. तशी खार उतरली, मागून साळुंक्या आल्या. भात माझ्या हातात होता. बघत होत्या त्या माझ्या शेजारी.

पक्ष्यांच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. सवय असते, म्हणाला. असेल. पण त्या धोब्याला कसली सवय? तो दर थंडीत बाहेरून येतो, आणि सुलभा असताना आमच्याकडे कधी आला नव्हता. याचं उत्तर त्या जाणकाराकडे नाही, माझ्याकडेही नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा. पटलं तर मानीन, नाही पटलं तर भांडीन.

जागेच्या बाबतीत मी आयुष्यात कोणाला इंचभर सोडलेलं नाही. पण बाकावर मी कडेलाच बसतो.