दोन्ही घरचा चहा

आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीत किस्से जमवावे लागत नाहीत. गिरणीत उभं राहिलं की पीठ अंगावर बसतं, तसे ते बसतात. झटकले तरी थोडे राहतातच! मी गिरणीवाला आणि वर समितीचा सभासद, त्यामुळे माझ्या अंगावर दोन्ही असतं.

समितीचे अध्यक्ष किसनआप्पा. धारूरच्या घाटाखाली आमचं गाव, आणि त्या डोंगरात आप्पांनी उभी हयात मेंढरं राखली. आवाज असा की बैठकीला माईक लागत नाही. गावातलं भांडण पोलीस ठाण्यात जाण्याआधी मिटवायचं हे त्यांचं काम, आणि ते करतात झकास.

गोची एकच. शेजारच्या घरात त्यांचा सख्खा धाकटा भाऊ भानुदास राहतो आणि दोघांत बोलणं नाही. भानुदासनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला मेंढा आप्पांनी एकदा त्याला न विचारताच पाटोद्याच्या बाजारात विकला होता. तेव्हापासून दोन घरांमधल्या बोळातून फक्त कोंबड्या ये-जा करतात.

*

ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर बातम्या चालू होत्या. आपले पंतप्रधान आधी रशियाला जाऊन तिथल्या अध्यक्षांना भेटले, मग काही आठवड्यांनी युक्रेनला जाऊन तिथल्याही अध्यक्षांना भेटले. सांगणं दोघांना एकच, की लढून काही सुटत नाही, बसून बोला.

आम्ही सगळे रणगाडे बघत होतो. आप्पा मात्र भलतंच बघत होते.

"दोघांच्या बी घरी गेले बे! अन दोघांनी बी दार उघडलं! ह्याला म्हंतेत वजन!"

समितीत आमचे कांबळे सर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेवर. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. त्यांनी हळूच विचारलं, "आप्पा, लढाई थांबली का पण?"

"न्हाई थांबली. पण दार तर उघडं ऱ्हायलं न्हवं?"

मला हे उत्तर फार आवडलं. आजही आवडतं.

*

पुढच्याच बैठकीत आप्पांनी नेम काढला. ज्यांचं भांडण असेल त्या दोन्ही घरी समितीनं आधी चहा प्यायचा, मगच बोलायचं. एका घरी बशीतून प्यायला तर दुसऱ्या घरीही बशीतूनच. कुणी म्हणायला नको की तिकडं जास्त टेकले!

पहिलं प्रकरण दोन जावांचं होतं, नळाच्या पाण्यावरून. थोरलीनं चहाबरोबर खारी दिली. आप्पांनी ती खाल्ली नाही, खिशात घातली आणि धाकटीच्या घरी जाऊन तिच्या चहात बुडवली.

धाकटीनं विचारलं, "ही खारी कुठली?"

"तुझ्या जावंची. लई झ्याक हाय. घे की निम्मी!"

तिनं घेतली! बैठक घ्यायची वेळच आली नाही.

*

कांबळे सरांना हे सगळं मान्य होतं असं नाही. एकदा एकाच्या ट्रॅक्टरनं दुसऱ्याचं कुंपण पाडलं. सर दोन्हीकडचा चहा प्याले, पण चेहरा उतरलेलाच.

"सर, तोंड कावून वाकडं केलं?"

"आप्पा, ज्याचं कुंपण पडलं त्याला तुमचा चहा काय कामाचा? तुमी बाजूच घेत न्हाईत."

आप्पा तापले. "बाजू घेत न्हाई असं कोन म्हनलं? पंतप्रधानांनी बी सांगितलंय, आमी शांततेच्या बाजूनं हाव. चुकलेल्याला चूक सांगायचीच, सर. पण चहा पिऊन!"

आणि ट्रॅक्टरवाला रिकामे कप उचलत असताना आप्पांनी त्याला त्याची चूक सरळ सांगितली. हातात ट्रे असलेला माणूस भांडणार कसा? दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच खांब रोवून दिले.

परत येताना सर म्हणाले, "हे तर आमच्या तथागतांनी कधीच सांगून ठेवलंय. फक्त चहा न्हवता!"

*

नांदूरघाटचे एक पाहुणे आले होते. टीव्हीवरच्या त्या बातमीवरून म्हणाले, "कसली शांतता आप्पा? रशियाकडून तेल घ्यायचं अन युक्रेनला औषधं धाडायची. ही कुठली दोस्ती?"

"पाव्हनं, शेजारी भांडन लागलं म्हनून तुमी आपली चूल इझवता का?"

निघताना पाहुणे आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या गावात बी एक भांडन लई चिघळलंय. येता का चहाला?"

*

इतक्या चहानं व्हायचं तेच झालं. धारूरच्या डॉक्टरांनी ॲसिडिटी सांगून चहा बंद करायला लावला.

आप्पा म्हणाले, "मला कावून सांगता? गावाला सांगा, भांडू नका म्हनून!"

*

मग समितीकडे दोन भाऊ आले, शेताच्या बांधावरून भांडलेले. दोन्ही घरचा चहा झाला, बैठक बसली. आप्पा एकीवर बोलायला लागले तसा थोरला भाऊ ताडकन उठला.

"आप्पा, सख्ख्या भावाच्या दारात तुमी पाय ठेवत न्हाईत, अन आमाला एकी शिकवता?"

आप्पांनी पटका उचलला आणि निघून गेले. मी मागोमाग गेलो. चालता चालता ते म्हणाले, "दुसऱ्याच्या भांडनात मी पंतप्रधान असतो रे. घरच्या भांडनात मी बी तोफ घेऊनच बसलोय!"

आवाज इतका बारीक मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला वाईट वाटलं.

त्यांनी अध्यक्षपद सोडतो असं कळवलं. कांबळे सर त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "राजीनामा घेनार न्हाई. तुमच्या नेमातलं एक घर ऱ्हायलंय."

*

आणि एके सकाळी आप्पा धुतलेलं धोतर नेसून गिरणीत आले. "सरांना बोलीव. चहाला जायचंय."

बोळातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. भानुदास ओट्यावर बसून दोर वळत होता. त्यानं मान वर केली नाही. पण त्याच्या बायकोनं न विचारता आधण ठेवलं.

चहा आला. आप्पांनी बशीत ओतला, शेवटच्या घोटापर्यंत प्याले आणि बशी खाली ठेवली.

"भानू, मेंढा मी तुला न इचारता इकायला नको होता. चूक माझी हाय."

भानुदासचे हात थांबले.

मग भानुदास उठला. खुंटीवरची टोपी घेतली, पायात चपला सरकवल्या आणि दाराकडे निघाला. मला वाटलं, संपलं सगळं, हा चालला शेतावर.

उंबऱ्यात तो थांबला.

"ऊठ, आप्पा."

"कुटं?"

"नेम तुजाच हाय न्हवं? दुसऱ्या घरचा चहा ऱ्हायलाय."