तराजूच्या खोलीतली आत्या

आमच्या विद्यापीठात हल्ली कर्मचाऱ्यांच्या कल्याणाला ऊत आला आहे. सारखं कुठलं ना कुठलं व्याख्यान असतं. मागच्या वेळी एका बाईंनी आम्हाला श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं. इतकी वर्षं आम्ही काय करत होतो कोण जाणे! समान संधी, सर्वांना सामावून घेणं, असे शब्द समोरच्या भिंतीवर झळकत होते, आणि मी समान संधीच्याच कक्षात नोकरीला असल्यामुळे पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. लक्ष मात्र नव्हतं. मला आत्याची आठवण येत होती. हे शब्द तिच्या कानावर घातले असते तर "कामाचं बोला," म्हणून ती उठून गेली असती.

आत्या माझी सख्खी नव्हे, कुणाचीच नव्हे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुणारी बाई, एवढीच तिची कागदोपत्री ओळख. नवरा तिथेच शिपाई होता. तो ऐन उमेदीत गेला आणि त्याच्या जागी हिला घेतलं. मूलबाळ नव्हतं. राग नाकाच्या शेंड्यावर आणि आवाज असा खणखणीत, की ती एका टोकाला खाकरली तर दुसऱ्या टोकाला जिन्यात गप्पा झोडणारे विद्यार्थी वर्गात पळायचे. सोडा आणि आम्लाने तिच्या बोटांची कातडी सोलवटलेली असायची. तो खरखरीत हात गालावरून फिरला की आम्ही मुलं आधी अंग चोरायचो आणि मग अजून जवळ सरकायचो. तसा हात मला पुन्हा भेटला नाही.

पाळणाघर सुरू झालं ते एका खोक्यातून. बाळंतपणाची रजा संपली, घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून झाडलोट करणाऱ्या एका बाईने तान्हं पोर कामावर आणलं आणि काचसामानाच्या रिकाम्या खोक्यात, भुशावर चादर घालून, ठेवून दिलं. विभागप्रमुखांनी खोकं उघडलं. "मागवले होते चंबू, आणि आलं हे!" असं ते म्हणाले म्हणतात. माणूस भला होता. ते पुढे काही बोलायच्या आत आत्याने सांगून टाकलं, "सर, तराजूची खोली रिकामीच आहे. मी बघते."

नाजूक तराजू नव्या इमारतीत हलवले होते. खोली अशी बांधलेली की वाऱ्याची झुळूक आत येऊ नये, बाहेर कुणी दाणदाण चाललं तरी आत हादरा बसू नये. दगडी ओटे, जाड दारं, उंचावर छोट्या खिडक्या. तान्ही मुलं तिथे ढाराढूर झोपायला लागली. आधी सफाईवाल्यांची आली, मग टंकलेखन करणाऱ्या बायकांची, मग हळूहळू प्राध्यापकांचीही. आत्या सकाळी लवकर येऊन बाटल्यांचा फडशा पाडायची आणि दिवसभर आमच्यामागे असायची. पगार मात्र बाटल्यांचाच.

तिचा एक नियम होता. आलं की आपले कपडे काढून खुंटीला लावायचे आणि तिने शिवलेला झगा चढवायचा. सभागृहाचे जुने मखमली पडदे भंगारात निघाले होते, ते तिने ओढत आणले आणि त्यांचे लहानमोठे झगे शिवले. सगळे तपकिरी-लाल. का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "कपडे मळतात, मग आया माझ्या नावाने शंख करतात." पण माझी आई म्हणायची, की त्याआधी झालरीच्या फ्रॉकवाल्या मुली एका बाजूला खेळायच्या आणि फाटक्या बनियनवाली मुलं भिंतीला टेकून बघत बसायची. आत्याने ते दोन-चार दिवस पाहिलं आणि कुणालाही न विचारता कात्री हातात घेतली.

माझी आई तीच इमारत झाडायची, पुसायची. मी त्या खोलीतच रांगले, चालायला लागले, पहिला मार खाल्ला तोही तिथेच. माझी जिवाभावाची मैत्रीण म्हणजे गणिताच्या सरांची मुलगी. तिच्या अंथरुणावर मी लोळायचे, माझ्या अंथरुणावर ती. एकदा पाळणाघरात उवा झाल्या. उवांना कुणाचा हुद्दा कळत नाही. आत्याने सरसकट सगळ्यांच्या डोक्यांवरून मशीन फिरवलं आणि आम्ही सगळे एका साच्यातले दिसायला लागलो.

त्याच दिवसांत ते घडलं.

कुणाचंही मूल आत्याच्या हातूनच बाहेर जायचं, ही शिस्त होती. पण त्या संध्याकाळी एका बाळाला उलटी झाली आणि ती त्याला घेऊन मागच्या नळावर गेली. नेमके तेव्हाच सर आले. डोक्यात कुठलंसं गणित घोळत होतं. मुलीच्या नेहमीच्या जागी, कोपऱ्यातल्या अंथरुणावर, लाल झग्यातलं भादरलेलं डोकं दिसलं. त्यांनी ते झोपलेलं पोर खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं. ते पोर म्हणजे मी.

सरांच्या बाईसाहेब त्या दिवशी माहेरी होत्या. मी जागी झाले तेव्हा सर टेबलाशी काहीतरी खरडत होते. त्यांनी मान वर न करता माझ्यापुढे दुधाचा पेला आणि बिस्किटांचा डबा सरकवला. मी मनसोक्त खाल्लं. घर मोठं होतं, खुर्ची गोल फिरत होती, माझी काहीच तक्रार नव्हती. शेवटी मी म्हटलं, "सर, मला शू लागली." आपली मुलगी आपल्याला सर का म्हणते, हा प्रश्न त्यांना तेव्हा कुठे पडला.

इकडे आईची झाडलोट उरकली होती. ती न्यायला आली तर मी नाही. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. सरांची मुलगी तर माझ्या अंथरुणावर गाढ झोपलेली, म्हणजे सर अजून यायचेत, असं ती धरून चालली होती. मग मी गेले कुठे? कुणीतरी म्हणालं, मागच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडं आहे. आई तिकडे धावली. तिने टाकीत वाकून मला मारलेल्या हाका मी ऐकल्या नाहीत. पण ज्यांनी ऐकल्या ते पुढे कित्येक वर्षं मला पाहिलं की गप्प व्हायचे.

सर मला घेऊन धापा टाकत आले. आईने आधी माझ्या थोबाडीत मारली, मग मला छातीशी धरून मटकन खाली बसली. आत्या जवळ येऊन काही बोलायला गेली, तशी आई कडाडली, "तुमच्या त्या झग्यांना काडी लावा आत्याबाई! माझी पोर पुन्हा तुमच्या दारात यायची नाही."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठभर बोभाटा झाला. पण कशाचा? एका मोठ्या साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "आज झाडूवालीची पोर सरांकडे गेली, उद्या आमची कुठल्या खोपटात जाईल!" हरवले होते मी, काळजी मात्र जी जागची हललीच नव्हती तिची. रजिस्ट्रारसाहेबांनी आत्याला बोलावलं. मोठ्या लोकांच्या नजरेतून पाहिलं तर त्यांनी तिचं भलंच योजलं होतं. पाळणाघर अधिकृत होणार, तिला कायमची पर्यवेक्षिका करणार, पगार वाढणार. फक्त मुलं प्राध्यापकांची आणि अधिकाऱ्यांची. बाकीच्यांनी आपापली सोय बघावी. आणि ते झगे बंद.

"साहेब," आत्या म्हणाली, "पोर हरवली कुणाची होती?"

"झाडूवाल्या बाईंची."

"मग तिला विचारलंत का? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, निदान संन्याशाचं म्हणणं तरी ऐका."

आईला निरोप गेला. ती बादली-फडक्यासकट तशीच आली आणि दारात उभी राहिली. गणिताचे सरही होते, मान खाली घालून. आत्याला वाटलं, आता आपली धडगत नाही. आदल्या संध्याकाळचा आईचा अवतार तिने पाहिला होता. घरी रात्रभर आई-बाबांचं बोलणं चाललं होतं ते तिला कुठे माहीत! मला सांभाळायला कुणी नाही, म्हणजे आईची नोकरी जाणार, हे दोघांनाही कळत होतं.

"तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी विचारलं.

आई आत्याकडे न बघता म्हणाली, "साहेब, आत्याबाई पोर सांभाळतात म्हणून मी तुमच्या फरश्या पुसते. माझ्यासारख्या सगळ्याच. आम्ही घरी बसलो तर इथला कचरा कोण काढणार? झग्यांचं म्हणाल, तर मला काल ओळखू आली असती माझी पोर. लाल झग्यात काय, पोत्यात घातली तरी. तुम्ही पोरांचे कपडे बदलू नका. सरांचा चष्मा बदला."

सर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "बाई बरोबर बोलतात. आणि माझी मुलगी आत्यांकडेच राहील. इतरांची नसतील तर तीही नसेल." साहेबांनी बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटली आणि शेवटी, आहे तसं चालू द्या, म्हणाले. आत्याच्या बढतीचा विषय त्यानंतर कुणी काढला नाही, तिनेही नाही. ती बाटल्या धुणारी म्हणूनच निवृत्त झाली, आणि काही वर्षांनी गेली. मला याचा अजून राग येतो. तिला आला असेल की नाही, मला सांगता येत नाही.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर आत्या आईचे हात धरायला गेली. आईने ते सोडवून घेतले. "साहेबांपुढे बोलले ते खरं होतं," ती म्हणाली, "पण काल टाकीपाशी माझं काय झालं ते मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," आत्या म्हणाली. "मीही नाही विसरणार."

दुसऱ्या सकाळी आईने मला पुन्हा तिथे नेलं, कारण दुसरा इलाज नव्हता. मला आत सोडलं, पण तिचा पाय निघेना. हातातला झाडू तसाच धरून ती दाराशी उभी राहिली. जिन्यावरून साहेबलोक येत-जात होते, आणि कामाची वेळ टळत होती. आत्याने तिला जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. आपली बसायची एकुलती एक खुर्ची उचलली, माझ्या अंथरुणाशेजारी आणून ठेवली, आईच्या हातातला झाडू घेतला आणि म्हणाली, "ती झोपेपर्यंत बस. तोवर बाहेरचं मी झाडते."

आई अवघडून, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. मी झोपेचं सोंग घेऊन किलकिल्या डोळ्यांनी बघत होते, आणि मुद्दाम बराच वेळ झोपले नाही. कारण आई रोज ती इमारत खालपासून वरपर्यंत पुसायची, पण तिथे तिला बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होते.