नदीतल्या अकरा खारी

शब्द न् शब्द खरा आहे, या चहाची शपथ! आता कप रिकामा झालाय म्हणा, त्यामुळे शपथेचं फार मनावर घेऊ नका. या गोष्टीतली एक जागा मात्र मी सजवली आहे. कोणती, ते शेवटी सांगतो. धीर झाला तर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या सौसरला सिंचाई विभागात मी बाबू होतो. घरी मराठी, गल्लीत मराठी, अन् ऑफिसचा कागद मात्र हिंदीत. एक दिवस वरून पत्र आलं: ‘नदी में खार नियंत्रण एवं वन्यजीव आवास संरक्षण.’ सिंचाई आणि वन, दोन्ही विभागांची बैठक रेस्ट हाउसवर. गावोगावचे ‘खार के नमूने’ मागवा.

आता तुम्हीच सांगा, मराठी माणसाला खार म्हटलं की काय दिसतं? झुबकेदार शेपटी! वन्यजीवांची घरं वाचवायची, म्हणून खारी आवरायच्या. वनविभाग सोबत आहेच. गणित पक्कं! खार नदीत काय करते, हा प्रश्न पडायला हवा होता. पडला की! म्हटलं, पाणी प्यायला येत असेल.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळीच बोरगावच्या शेवंतामाय आल्या. नदीकाठी दोन एकर संत्री, विहीर एकच. तिचं पाणी खारट होत चाललेलं, संत्र्यांच्या पानांच्या कडा करपलेल्या. त्यांनी पिशवीतून काचेची बाटली काढली, तोंडाला कापडाचा बोळा.

“जयभीम, बाबू. तपासाले पाणी आणलं. झाडं वाळून राहिली माही.”

“पाणी कायले, माय? खार पाहिजे, खार!”

“खार? अन् ते कायले?”

“सरकारले तपासाची आहे.”

“पाणी माहं खराब, अन् तपासणार खार?”

“माय, सरकार तू का मी?”

मी बाटली उचलली आणि समोरच्या कडुलिंबाच्या आळ्यात ओतून दिली! वर म्हटलं, “घे, तेल ठेवाले होईन.”

दुसऱ्या दिवशी रेस्ट हाउसचा व्हरांडा साहेबांनी भरलेला. शेवंतामाय आल्या, डोक्यावर कोंबड्या झाकायचं डालं. डाल्यात अकरा खारी! एका दिवसात अकरा कशा धरल्या, मला विचारू नका.

“ये क्या है, अम्मा?” रेंजरसाहेब ताडकन उठले.

“खार हाये, साहेब. नमुना.”

इंजिनिअरसाहेबांनी कपाळाला हात लावला. “अरे, खार माने नमक! पानी का नमूना चाहिए था!”

“जंगली जानवर पकड़ना जुर्म है,” रेंजर गरजले. “किसने पकड़वाई?”

नाव निघालं की माझी नोकरी गेली! मायनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

“कोनंच नाही, साहेब. मलेच कमी ऐकू येते.”

नदीपलीकडची कुजबुज ऐकणारी बाई ती! अन् मी? छतच पाहत राहिलो. किती वासे होते, आजही सांगतो.

रेंजर म्हणाले, जिथं धरल्या तिथंच सोडा. इंजिनिअर म्हणाले, मग पाणीही तिथूनच घेऊ. एरवी एकमेकांच्या पत्राला उत्तर न देणारे दोन विभाग एका जीपमध्ये बसले. मी मागं, मांडीवर डालं. वाटेत एक खार निसटून माझ्या शर्टात शिरली.

“हलू नको, बाबू,” माय म्हणाल्या, “नमुना हाये.”

विहिरीवर इंजिनिअरसाहेबांनी घोटभर पाणी तोंडात घेतलं अन् थुंकले. स्वतःच्या हातानं चार बाटल्या भरल्या. रेंजर नदीत उतरले. काठावर मिठाची पांढरी खपली आली होती आणि तिच्यावर चितळांच्या खुरांचे ठसे. “ये भी यही पीते हैं,” ते हळूच म्हणाले. मायच्या विहिरीचं नाव तपासणीच्या यादीत पहिलं लागलं.

निघताना मायनं ती कालची रिकामी बाटली माझ्या हातात दिली.

“घे, तेल ठेवाले होईन.”

आता ती सजवलेली जागा. तुम्हाला वाटत असेल, अकरा खारी खोट्या. नाही हो, त्या खऱ्या! खोटं आहे ते मी सांगितलेलं पत्र. खऱ्या पत्रात घोटाळ्याला जागाच नव्हती. दुसऱ्याच ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: ‘कुओं और नदी के खारे पानी के नमूने.’

मी वरचा विषय तेवढा वाचला होता. अन् खाली ‘पूरा पढ़ा’ लिहून सही ठोकली होती.