पाणी सोडणाऱ्या काकांचं एम.ए.

"मी सांगून नाई राह्यलो सर, इचारून राह्यलो," असं म्हणूनच ते वर्गात उभे राहायचे. आणि मग असं काही विचारायचे, की सरांना हातातलं पुस्तक मिटून ठेवावं लागायचं.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते नागरी समाजशास्त्राच्या तासाला. सरांनी फळ्यावर एकात एक पाच वर्तुळं काढली होती. मधोमध बाजार, मग गोदामं, मग कामगारांची घरं, त्याबाहेर बऱ्यापैकी कमावणाऱ्यांची, आणि अगदी बाहेर गाडीतून ये-जा करणाऱ्यांची. शहर असं वाढत जातं, सर सांगत होते. मागच्या बाकावरून हे उठले.

"यात टाकी कुठं हाय?"

"कसली टाकी?"

"पान्याची. टाकीजवळ कोन राह्यते आन् दूर कोन राह्यते, त्यावर गाव समजते. मी सांगून नाई राह्यलो, इचारून राह्यलो."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू खाली ठेवून ते म्हणाले, "उद्या तुम्हीच काढून दाखवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचं गाव काढलं. त्यात वर्तुळ नव्हतं. वर टाकी, तिच्यातून निघालेली जाड रेघ, रेघेला फुटलेल्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाशी एकेका वस्तीचं नाव. टाकीच्या पायथ्याशी आमची कॉलनी होती. शेवटच्या, सगळ्यात बारीक फांदीला टेकाडावरची वस्ती. तिथं ते स्वतः राहायचे.

आमचं तालुक्याचं गाव यवतमाळपासून तासाभराच्या अंतरावर. तिथं ते व्हॉल्व्हमन होते. म्हणजे हातात कमरेइतकी उंच लोखंडी चावी घेऊन सायकलवरून फिरायचं, रस्त्याकडेच्या खड्ड्यांत उतरायचं, एका गल्लीचं पाणी सोडायचं, दुसरीचं बंद करायचं. गावात पाणी चार दिवसांनी यायचं, त्यामुळे त्यांना ओळखत नाही असं घर नव्हतं. पण त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना 'पाणीवाले' म्हणत. मी वर्गात भेटल्यावर काका म्हणायला लागले. ते मला ताई म्हणायचे, मी त्यांच्या मुलीच्या वयाची असून.

वय पन्नाशीकडे झुकलेलं. आर्णीकडच्या एका तांड्यावर वाढलेले. बी.ए. बाहेरून केलेलं, तेही अडखळत. एम.ए. कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आमच्या आजोबाचा बाप बैलायवर मीठ लादून गावोगाव न्यायचा. मी पानी नेतो. न्यायचं काम दोघायचंही, पन कोनाले किती भेटते हे कोनी लिव्हलंच नाई. म्हटलं पाहावं, पुस्तकात हाय काय."

सकाळी पाणी सोडून झालं की ते अकराची यवतमाळ एसटी पकडायचे. मीही त्याच गाडीला. त्यांच्या पॅन्टच्या घोट्याशी चिखल वाळलेला असायचा. पाणी लांबलं की त्यांची गाडी चुकायची, तास बुडायचे, म्हणून माझ्या वह्या घेऊन जायचे आणि चार दिवसांनी परत आणायचे, कव्हर घालून. दोन वर्षं त्यांनी माझं अक्षर वाचलं. वर्गातली बाकीची मुलं त्यांना गमतीत घ्यायची. घाटंजीचा एक जण तर दिसले की विचारायचा, "काका, आज किती वाजता सोडता?" ते खरोखर वेळ सांगायचे.

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. बाकीच्यांनी कुटुंब, बाजार, व्यसनं असे विषय घेतले. काकांनी स्वतःचं कामच विषय म्हणून घेतलं. गावातल्या सगळ्या वस्त्यांना पाणी किती वेळ मिळतं? खड्ड्यात उतरताना एकदा आणि झाकण लावताना एकदा, अशी वेळ ते लिहून ठेवायला लागले. शर्टाच्या खिशात शाळकरी पोराची असते तशी छोटी वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल.

"सारं सारखंच निंगन," ते मला म्हणाले होते. "सोळा वर्सं मीच सोडून राह्यलो. पन पुरावा पाह्यजे ना."

तीन महिन्यांनी एका सकाळी ते एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी खिशातली वही काढून माझ्या मांडीवर ठेवली.

सगळ्यात कमी वेळ टेकाडाला मिळत होता. नळाला जोर कमी म्हणून नव्हे. व्हॉल्व्हच लवकर बंद होत होता. दर खेपेला, न चुकता.

"माह्याच हातानं, ताई," ते म्हणाले.

"घाई होत असेल. शेवटची वस्ती आहे."

"घाई नाई." ते खिडकीबाहेर बघत होते. "कोनी म्हनू नये, की पानीवाला आपल्या लोकायले जास्त सोडते. नवीन लागलो तवा एकानं म्हटलं होतं. त्या दिवसापासून तिथं जरा लवकरच बंद करत आलो. मले वाटे, पाचेक मिनिटं असन. वहीत पाह्यलं तं इसाच्या वर."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. त्यांनी ते ऐकलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "घरी बायको पान्यासाठी रांगेत भांडे. मी तिलेच रागवत गेलो, की तुले भरता येत नाई."

पुढच्या पाळीपासून त्यांनी वेळा बदलल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. प्रत्येक वस्तीला सारखा वेळ, घड्याळ लावून. आमच्या कॉलनीचा थोडा वेळ त्यात गेला.

आता पुढची गोष्ट. ती माझी आहे, आणि ती टाळून त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

आमच्या घरी तीन पिढ्या नोकरी. आजोबा शाळामास्तर, बाबा तहसिलात. कॉलनीतली बहुतेक घरं अशीच. नळ लवकर बंद व्हायला लागल्यावर एका रविवारी पाच-सहा जण आमच्या बैठकीत जमले. आईनं चहा केला. तक्रारीचा अर्ज द्यायचं ठरलं. त्यातल्या एकानं शोध लावला होता, की पाणीवाला टेकाडावर राहतो.

"ते तसे नाहीत," मी म्हणाले. "माझ्या वर्गात आहेत. त्यांनी सगळ्यांच्या वेळा मोजल्यात."

"मग तर तूच लिही," बाबा म्हणाले. "तुला माहिती आहे सगळी. अक्षरही चांगलं आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबांनी कोरा कागद पुढं सरकवला. मी लिहिलं. 'सदर कर्मचारी स्वतः त्या वस्तीत राहत असून तो आपल्या लोकांना झुकते माप देत आहे.' वाक्य एकानं सांगितलं होतं, 'झुकते माप' हे शब्द मात्र माझे. सांगणाऱ्यानं फक्त 'जास्त पाणी' म्हटलं होतं. खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझी नव्हती.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं होतं. मीही आता तसंच म्हणते. त्या दुपारी मला ते घरातलं एक काम वाटलं, पाहुण्यांना चहा नेऊन देण्यासारखं.

आठवड्यानं ते एसटीत नेहमीसारखे शेजारी येऊन बसले. तिकीट काढलं. माझी वही परत केली, कव्हर घातलेली.

"हापिसात अर्ज दाखवला मले," ते म्हणाले. "शुद्ध लिव्हला हाय. 'झुकते माप' मले सुचलं नसतं."

मी वहीचं कव्हर उगाच नीट करत बसले. त्यांच्या आवाजात टोमणा शोधत होते, म्हणजे निदान वाईट वाटून घेता आलं असतं. तो नव्हता.

"काका, मी…"

"एक काम होतं." त्यांनी मला बोलू दिलं नाही. "त्या अर्जाची झेरॉक्स मी मागून घेतली. लघुप्रबंधाच्या मांगं लावावं म्हनतो. ज्याची भीती सोळा वर्सं होती, थेच कागदावर आलं. याच्यापेक्षा चांगला पुरावा मले भेटनार नाई. पन अक्षर तुमचं हाय. तुमाले चालत असन तं लावतो. नाई तं राहू द्या."

"लावा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

"कोनी लिव्हला, ते लिव्हत नाई," असं म्हणून ते सरांच्या कुठल्याशा टिपणाबद्दल विचारायला लागले.

अर्जाचा निकाल त्यांच्या विरुद्ध लागला असं नाही. वेळा तपासल्या गेल्या, त्या सारख्याच निघाल्या. पण तक्रार आलेला माणूस गावात नको, म्हणून त्यांना धरणावरच्या पंपघरात पाठवलं. तिथं मोटार चालू-बंद करायची आणि एकट्यानं बसायचं. आठवड्यातून एकदा घरी यायची मुभा. कॉलेज सुटल्यातच जमा झालं. लघुप्रबंध त्यांनी तिथं बसून पुरा केला.

त्यांच्या जागी आलेल्या माणसाला कुठला व्हॉल्व्ह कधी फिरवायचा ते माहीत नव्हतं. काकांनी जाताना त्याला एक कागद करून दिला होता. तो त्याबरहुकूम पाणी सोडत राहिला. अशा रीतीनं नव्या वेळाच कायम झाल्या. कॉलनीलाही हळूहळू त्यांची सवय झाली. खरं सांगायचं तर आमच्या घरची टाकी आधीही भरून वाहायची, ती आता नुसती भरायची.

तोंडी परीक्षेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझा नंबर त्यांच्यानंतर होता, म्हणून मी दाराबाहेरच उभी होते. बाहेरगावच्या परीक्षकांचा आवाज मोठा होता.

"तुमच्यावरचा आरोप तुम्हीच प्रबंधाला जोडलाय. आरोप खरा आहे का?"

"सोळा वर्सं उलटा खरा होता, सर."

आत कागद उलटल्याचा आवाज आला.

"हा अर्ज लिहिला कोणी?"

"कॉलनीतल्या लोकायनं."

"अक्षर एकाचंच दिसतंय."

"लोकं पाच-सात होते, सर. लिव्हनारं कोनी तरी एकच असते."

बाहेर आल्यावर त्यांनी मला एवढंच सांगितलं, की साहेब चांगले आहेत, घाबरू नका. मला त्या दिवशी एकाही प्रश्नाचं उत्तर धड देता आलं नाही. निकालात आम्हा दोघांनाही दुसरा वर्ग मिळाला. सरांनी त्यांचा प्रबंध दोनदा वाचला, हे सरांनीच मला सांगितलं. काका निकालाच्या दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन कळंबला गणपतीच्या दर्शनाला जाऊन आले आणि तसेच धरणावर गेले.

आता ते निवृत्त झालेत. आर्णीकडे तांड्यावर म्हाताऱ्या आईजवळ असतात, असं ऐकते. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते. त्यांच्याशी शेवटचं बोलणं ते धरणावर असताना झालं, तेही ठरवून नाही.

मी त्यांना भेटायला म्हणून टेकाडावर गेले होते. काय बोलायचं ते घोकून गेले होते. ते त्या आठवड्यात आले नव्हते. त्यांच्या बायकोनं मला ओट्यावर बसवलं. नळाला नुकतंच पाणी आलं होतं. तिनं पिंपात पाइप सोडला, ते भरल्यावर तो शेजारणीनं आपल्या पिंपात ओढला, तिच्याकडून तिसरीनं. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले होते म्हणून बायकोनं मला मानेनंच खूण केली.

मी फोन कानाला लावला.

"किती वाजता आलं?" त्यांनी विचारलं.

"सात-दहाला."

पलीकडे मोटारीची घरघर ऐकू येत होती.

"ताई?"

"हो."

घोकलेलं सगळं मी विसरून गेले होते. त्यांनीही, तुम्ही तिथं कशा, असं विचारलं नाही.

"बसल्याच हा तं बंद कवा होते, तेवढं पाहून सांगा," ते म्हणाले. "बायकोच्या ध्यानात राह्यत नाई."

मी बसले. पाइप चौथ्या दारात गेला, मग पाचव्या. कुणी भांडत नव्हतं. एका बाईनं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.