हर्णैला निघालो आणि चिखलात बसलो

नवऱ्याला काचबिंदू झाला. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात समोरचंही जाईल. घरी आल्यावर हे म्हणाले, "होडी शिडावर हर्णैच्या बंदराला न्यायची हाय. तरनेपनी बापाबरोबर गेलेलो. आता नाय गेलो तर नाय."

मुलगा म्हणाला, मी येणार नाही आणि तुम्हालाही जाऊ देणार नाही. त्याचं चुकत नव्हतं. मग डावं-उजवं सांगायला मी जायचं ठरलं. चाळीस वर्षं मी मासे विकले, पण खाडीच्या बाहेर कधी गेले नव्हते.

सात वाजता भरती पूर्ण होणार होती. तेव्हा निघालं की ओहोटीचं पाणी होडीला बाहेर नेतं. हे आमच्या करावे गावात शेंबड्या पोरालाही कळतं. पण सातला अख्खी आळी निरोपाला आली. नारळ वाहिला. मग नणंद आली आणि म्हणाली, माझा नारळ राहिला. तोही वाहिला. मग ज्यांच्या फोटोत डोळे मिटले होते त्यांचे फोटो पुन्हा काढले. नऊला शीड चढवलं आणि घरापासून पन्नास पावलांवर होडी चिखलात रुतली.

आता संध्याकाळपर्यंत पाणी येणार नव्हतं. निघालेली होडी माघारी आणायची नाही, ही आमच्यात रीत. त्यामुळे आम्ही आत बसून राहिलो आणि निरोप देणारे काठावर उभे राहिले.

"हर्णै कसा हाय गो, वयनी?" नणंदेने विचारलं.

"गर्दी फार हाय," मी म्हटलं.

काठावरच्या टॉवरमध्ये राहणारा एक माणूस फिरायला आला होता. शूटिंग कधी सुरू होणार, असं विचारून गेला.

दुपारी मुलगा गुडघाभर चिखल तुडवत आला आणि होडीला धरून उभा राहिला. बापाकडे त्याने पाहिलंच नाही.

"आई, तू उतर. तू नसलीस तर त्यांना जाताच येनार नाय."

हे खरं होतं. नवरा सुटलेल्या दोरीला गाठ मारत बसला होता. कान त्यांचे शाबूत आहेत.

माझी कंबर धरली होती. लघवीलाही लागली होती. तसं सांगितलं असतं तर पोराने मला पाठीवर घेऊन घरी नेलं असतं, आणि परत आणलं नसतं.

"उतरतेस काय?" नवऱ्याने विचारलं.

"नाय."

"बुडलात तर?" मुलगा म्हणाला.

"इथं बुडायला पानी हाय कुठं? जा, जेवून घे."

तो गेला. मग मी नवऱ्याला तोंड फिरवायला सांगितलं आणि बालदी घेतली.

पाचच्या सुमारास पाणी आलं, होडी हलली. त्यांना लगेच निघायचं होतं. मी म्हटलं, भरतीचं पाणी समोरून येतंय, आज फक्त खोल पाण्यात जाऊन नांगर टाका. कोनी चालत येनार नाय एवढं खोल.

सकाळी पाणी ओहोटीला फिरल्याबरोबर नांगर उचलला. काठावर कोणी आलं होतं का, मला माहीत नाही. उजवीकडे जाळ्याचे खुंटे होते, मी ते बघत होते.

"डावीकडं घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतली.